बावीस बाटल्या

कागदावर बघितलं तर त्या कारखान्यातली बावीस माणसं एकट्या टाकीच्या लघवीवर निरोगी होती.

टाकी म्हणजे कारखान्याचा माळी. खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथंच धूळ खात पडलं होतं. गेटवरच्या पहारेकऱ्यापासून साहेबांच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे त्याला टाकीच म्हणायचे. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, हा बागेच्या पाण्याची टाकी सांभाळत असेल. कोणी त्याचा गैरसमज दूर करायला जायचं नाही.

कारखाना ॲल्युमिनियमचा. लांबच लांब पत्र्याची शेड, आत दोन ओळींनी भट्ट्या. खाली वितळलेला धातू, वर पांढरी पूड, आणि मधे जमलेली दगडासारखी खपली. ती पहारीनं फोडायची. खपली फुटली की धूर उसळायचा आणि त्या धुरात फ्लोराइड असायचं. पहिले काही महिने डोळे चुरचुरतात, घसा सोलवटतो, नाकातून रक्त येतं. मग सवय होते. सवय झाली की माणसाला वाटतं आपण जिंकलो. खरं म्हणजे तेव्हा ते नाकातून उतरून हाडांत राहायला गेलेलं असतं.

हे सरकारला माहीत होतं. म्हणून नियम होता, दर सहा महिन्यांनी भट्टीवरच्या प्रत्येकाची लघवी तपासायची. फ्लोराइडचा आकडा चारच्या वर गेला की त्या माणसाला भट्टीवरून काढून यार्डात टाकायचं. कागदावर किती मायाळू नियम. पण यार्डात भट्टीभत्ता नव्हता, आणि यार्डात गेलेला माणूस वर्षभरात ‘कामास अयोग्य’ असा शिक्का घेऊन घरी जायचा, हे सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. धूर ओढणारे पंखे नीट चालतात का, भट्ट्यांची झाकणं बसतात का, हे बघायला कोणी येत नव्हतं. विष तसंच ठेवायचं आणि ज्याच्या अंगात ते सापडेल त्याला हाकलायचं, याचं नाव कामगार कल्याण.

तर सतरा वर्षांपूर्वी एका सकाळी टाकीचा थोरला भाऊ बागेत आला. खिशातून एक रिकामी बाटली काढली.

“ह्यात कर.”

“काय करू?”

“काय करतात बाटलीत? सरबत? गेल्या वेळी माझा आकडा पावणेचारवर आला होता. आज वर जाणार. तू झाडांत काम करतोस, तुझं स्वच्छ.”

टाकीनं पुढं काही विचारलं नाही. आईबाप गेल्यावर दादानंच त्याला वाढवलं होतं. माळ्याची नोकरीही दादानंच साहेबांच्या मागं लागून मिळवून दिली. त्या माणसानं मूत्रपिंड मागितलं असतं तरी टाकी नाही म्हणाला नसता, ही तर नुसती बाटली. तो कुंपणाच्या आड गेला आणि भरून घेऊन आला. आकडा आला एक. दादा भट्टीवर राहिला.

सहा महिन्यांनी दादाबरोबर भोंगा आला. भोंगा म्हणजे शिफ्टचा मुकादम. त्याचा आवाज एवढा मोठा की पाळी बदलल्याचा भोंगा बंद पडला तरी चाललं असतं. त्या दिवशी मात्र तो कुजबुजत होता. “भावाचं केलंस, आमचं पण कर ना बाबा. आम्हीही कोणाचे तरी भाऊच आहोत.” मग भोंग्याचा साडू आला, साडूचा मित्र आला. चार वर्षांत अख्खी शिफ्ट आली.

बावीस बाटल्या भरणं म्हणजे खायचं काम नाही. पहिल्यांदा टाकीनं पहाटेपासून घागरीनं पाणी ढोसलं, तर सगळे नमुने परत आले. फार पातळ, पुन्हा द्या. तेव्हापासून त्यानं शास्त्रच बसवलं. आदल्या दुपारपासून साठवायचं, पाणी बेतानं प्यायचं, प्रत्येकाला तीन बोटं. अवजारांच्या खोलीत बादलीत बाटल्या, वर पालापाचोळा. शिफ्टवाले एकेक करून येणार, बाटली काखेत धरून जाणार, कारण नमुना कोमट लागतो. बावीस माणसं एक हात अंगाशी घट्ट आवळून लॅबच्या रांगेत उभी. लॅबवाल्याला वाटायचं, भट्टीच्या कामानं सगळ्यांचे खांदे धरलेत.

“टाकी, काल काय खाल्लंस? बावीस जणांचा प्रश्न आहे.”

“तब्येत जप रे. तुला काही झालं तर आम्ही सगळे एकदम आजारी पडू.”

आणि तसंच झालं. आठव्या वर्षी लॅबनं लघवीतली साखरही तपासली. बावीसच्या बावीस जणांना मधुमेह निघाला, तोही एकाच दिवशी.

कंपनीच्या डॉक्टरनं सगळ्यांना ओळीनं बसवलं. गोरागोमटा, मऊ बोलणारा माणूस. कामगारांना काका म्हणायचा. त्यानं एकेकाचा कागद बघितला, मग सगळ्यांकडं बघून हसला आणि म्हणाला, “तुमच्या शिफ्टमध्ये फारच एकी आहे.” मग त्यानं चहात साखर घालू नका म्हणून अर्धा तास भाषण दिलं आणि प्रत्येकाला गोळ्या दिल्या. सही घेतली. सगळ्यांनी गोळ्या आणून टाकीच्या ओंजळीत ओतल्या.

“घे बाबा. आमची साखर तू सांभाळ.”

टाकी त्या गोळ्या पुढं कित्येक महिने पुरवून खात होता. साखर ताब्यात आली. पुढच्या तपासणीत बावीस जण एकदम सुधारले आणि डॉक्टरनं त्याचा तक्ता करून भिंतीवर लावला.

यावर शिफ्ट वर्षभर हसली. डॉक्टर का हसला, हे मात्र कोणी विचारलं नाही. टाकीनंही नाही. डॉक्टरला सगळं कळलं होतं. बावीस माणसांची लघवी एकाच माणसाची आहे हे न कळायला तो काही गाढव नव्हता. पण स्वच्छ कागद त्यालाही हवे होते, साहेबांनाही हवे होते, आणि कामगार ते आपल्या हातानं काखेत ऊब देऊन आणून देत होते. अशा वेळी शहाणा माणूस हसतो आणि सही करतो.

त्या कागदांचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं. वर्षानुवर्षं आकडा एकच्या आसपास. कंपनीनं सरकारला लिहिलं, आमच्याकडं फ्लोराइडचा त्रासच नाही, तर पंख्यांवर एवढी वीज कशाला जाळायची? चारातले दोन पंखे बंद झाले. लगेच पुढं लिहिलं, एवढ्या स्वच्छ नोंदी आहेत तर तपासणी तरी कशाला? तीन वर्षांपूर्वी तपासणीही बंद झाली. गेटवर पाटी लागली, ‘निरोगी भट्टीघर’. त्या पाटीखाली टाकीनं ग्लॅडिओलसचा वाफा केला.

ग्लॅडिओलस हे भारी नाजूक झाड. तलवारीसारखं पान, आणि त्याला हवेतलं फ्लोराइड सगळ्यांच्या आधी कळतं. पानाचा शेंडा जळतो, टोकापासून खाली तपकिरी पट्टा उतरत येतो. भट्टीघराला लागून असलेल्या वाफ्यात हे पहिल्यापासूनच व्हायचं. कोणी पाहुणे, कोणी तपासनीस यायचे असले की साहेब सांगायचे, “टाकी, शेंडे.” मग टाकी खिशातली कात्री काढून पानंपान तिरकं कापायचा. असं बेमालूम कापायचा की पान तसंच उगवलंय असं वाटावं. झाडाला काय होतंय ते त्याला कळत होतं. त्याच हवेत आठ तास पहार मारणाऱ्या दादाला काय होत असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही. आलं असेल तर त्यानं तोही शेंडा कापला.

*

दादाचं आधी कंबरेपासून सुरू झालं. बुटाची नाडी बांधायला वहिनी लागायला लागली. मग पाठ, मग मान. हाक मारली तर दादा मान वळवायचा नाही, अख्खा वळायचा, बिजागरीवर दार फिरावं तसा. पोरंटोरं मागून हाक मारून पळायची. चोपन्नाव्या वर्षी तो फळीसारखा ताठ झाला. कंपनीनं ‘कामास अयोग्य’ असा शिक्का मारला, मागच्या महिन्याचा पगार हातात ठेवला आणि गेटपास काढून घेतला.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तरुण होती, आणि अजून तिला राग येत होता. तिनं दादाला खुर्चीत बसवलं.

“हनुवटी छातीला लावा.”

दादानं मान वाकवली. चार बोटं जागा राहिली.

“आणखी.”

“एवढीच जाते, बाई. पुढं रस्ता बंद आहे.”

तिनं फोटो काढला. टाकीनं तो उजेडासमोर धरून पाहिला. दादाचा कणा खडूसारखा पांढराफेक होता, मणके एकमेकांना चिकटून एकच दांडकं झालेलं. लघवीचा आकडा आला अकरा. या वेळी लघवी दादाचीच होती. पहिल्यांदाच.

बाईनं चिठ्ठी लिहिली. हा आजार कामातून झाला आहे, असा दाखला कामगार आरोग्य मंडळाकडून मिळवा. दाखला मिळाला तर जन्मभर औषधपाणी आणि निवृत्तिवेतन कंपनीच्या डोक्यावर. नाही मिळाला तर दादा, वहिनी आणि अविवाहित टाकी, तिघंही माळ्याच्या पगारावर. एकच कागद, पण सगळं त्याच्यावर अडलेलं.

कंपनीचं उत्तर आलं. कामावर असताना चौदा वर्षं यांच्या लघवीत फ्लोराइड नव्हतं, सोबत नोंदी जोडल्या आहेत. कामावरून गेल्यावर वाढलं. अर्थातच हे घरच्या बोअरच्या पाण्यातून आलं असणार. कळावे.

टाकीनं ते पत्र मोठ्यानं वाचलं. वहिनी भांडी घासायची थांबली.

“म्हणजे भाऊजी, तुम्ही दिलेल्या बाटल्याच ह्यांच्या विरुद्ध साक्ष द्यायला उभ्या राहिल्या.”

“मी सांगतो ना वहिनी. मंडळापुढं उभा राहून सांगतो, ती माझी होती म्हणून.”

“गप बस,” दादा भिंतीकडं बघत म्हणाला. वळायचा कंटाळा आला की तो भिंतीशीच बोलायचा. “तू तोंड उघडलंस तर सगळ्यांच्या बाटल्या उघड्या पडतील. एकवीस घरं आहेत ती.”

“आणि हे घर कुणी मोजायचं?” वहिनी म्हणाली. “तुमचे पाय रोज सकाळी चड्डीत मी घालते. त्या एकवीस जणांतला एक तरी आला का बघायला?”

एक आला, सुनावणीच्या आदल्या दिवशी. भोंगा. दारातच उभा राहिला, आत आला नाही. त्याला वास आधीच लागला होता.

“टाकी, उद्या काय बोलणार आहेस?”

“खरं ते.”

“खरं बोलायचं होतं तर सतरा वर्षांपूर्वी बोलायचं. तेव्हा बाटल्या भरताना गोड लागत होतं. एका भावासाठी एकवीस भाऊ विकायला निघालास.”

“ज्यांना विकून झालंय त्यांना मी काय विकणार, भोंग्या? भट्टीवर पंखे किती चालतात?”

“दोन.”

“होते किती?”

भोंगा थुंकला आणि गेला.

*

मंडळाची खोली दुसऱ्या मजल्यावर. दादाला जिना चढवायला टाकीला पाऊण तास लागला. आत काचेचं टेबल, त्यामागं हातांच्या तीन खुर्च्या, आणि कामगारांसाठी पाठ नसलेला बुटका बाक. दादाला त्यावर बसताच येईना. तो तसाच उभा राहिला, आणि टेबलामागच्या एकाला वाटलं हा उर्मट आहे.

तिघांतले मधले अध्यक्ष, चष्मा कपाळावर चढवलेले. एक लिहून घेणारा. तिसरा घड्याळ बघणारा. बाजूला कंपनीचा डॉक्टर, मांडीवर जाडजूड फाइल. त्यानं दादाकडं बघून आपुलकीनं मान हलवली. “काका, कसे आहात?”

“उभा आहे,” दादा म्हणाला.

डॉक्टरनं नोंदी वाचल्या. एक. एक. शून्य पूर्णांक नऊ. एक. देवळातल्या घंटेसारखे आकडे एकाच सुरात येत राहिले. मग तो बोअरच्या पाण्यावर आला. फार वाईट वाटतं, पण शास्त्र हे शास्त्र.

टाकी उठला.

“साहेब, ती लघवी माझी आहे.”

अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर आणला. “कोणती?”

“सगळी. चौदा वर्षांची.”

लिहिणाऱ्याचा पेन थांबला. टाकीनं सगळं सांगितलं, बादली, पालापाचोळा, तीन बोटं, काख. फक्त दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं नाही. घड्याळवाल्यानं पहिल्यांदाच घड्याळ सोडून वर पाहिलं.

“पुरावा काय?” अध्यक्ष म्हणाले.

“साखर. नऊ वर्षांपूर्वी दादाच्या नावावर साखर निघाली. दादाला साखर नाही, कधीच नव्हती. मला आहे. आज दोघांची तपासा.”

डॉक्टर मऊपणानं म्हणाला, “साखर होती, गोळ्यांनी ताब्यात आली. गोळ्या मी स्वतः दिल्या. ही काकांची सही.”

“गोळ्या मी खाल्ल्या.”

“बंधुप्रेम मी समजू शकतो,” डॉक्टर अध्यक्षांना म्हणाला. “पण उद्या हा सांगेल, फोटोतला कणाही माझाच.”

घड्याळवाला हसला. टाकीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. आणि तिथं त्याला ती गोष्ट सुचली. सुचली तेव्हा वाटलं, आता डॉक्टर कोपऱ्यात सापडला.

“साहेब, मी भावाच्याच घरात राहतो. त्याच बोअरचं पाणी पितो, वीस वर्षं झाली. पाण्यात विष असतं तर माझ्यातही असतं. आत्ता माझी लघवी घ्या. कंपनीच्या लॅबमध्ये नको, बाहेर द्या. एक येईल. एक आला की दोन्ही गोष्टी सिद्ध. पाणी चांगलं आहे, आणि त्या नोंदी माझ्या आहेत.”

अध्यक्षांना हे पटलं. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त नीट मांडलेली गोष्ट आवडायची. डॉक्टरही हरकत घ्यायला उठला नाही. पायावर पाय टाकून बसला, आणि तो पुन्हा हसला. टाकीनं ते पाहिलं. पण तेव्हा तो एवढा खुशीत होता की त्या हसण्याचा अर्थ लावायला थांबला नाही.

मंडळाचा शिपाई मोरीच्या दाराशी उभा राहिला. टाकीनं आयुष्यात शेकडो बाटल्या भरल्या होत्या, पण ह्या बाटलीच्या चिठ्ठीवर त्याचं स्वतःचं नाव होतं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. तो ते वाचत क्षणभर उभा राहिला.

“झालं का?” शिपाई म्हणाला.

“झालं. हातखंडा आहे.”

पुढचे पंधरा दिवस कारखान्यात त्याच्याशी कोणी बोललं नाही. चहाला गेला की टेबल रिकामं व्हायचं. टाकी मान खाली घालून वाफे खुरपत राहिला. एकदा निकाल येऊ दे, मग बघा, असं स्वतःशी म्हणायचा. त्या वर्षी गेटजवळच्या ग्लॅडिओलसचेही शेंडे जळले होते. भट्टीघरापासून एवढ्या लांब असं कधी झालं नव्हतं. साहेबांनी गाडीतून जाता जाता बोटांची कात्री करून दाखवली आणि टाकीनं शेंडे कापले. सवयच लागली होती हाताला.

*

निकाल आला. सात.

अध्यक्षांनी तो दोनदा वाचला, कारण टाकीला पहिल्यांदा ऐकू गेला नाही.

“सात,” ते म्हणाले. “म्हणजे तुमची लघवी स्वच्छ नाही. मग त्या स्वच्छ नोंदी तुमच्या कशा असतील?”

“साहेब, तेव्हा होती. तीन वर्षांपूर्वीपर्यंत होती. मग पंखे...”

“तुम्ही भट्टीवर काम करता का?”

“नाही. बागेत.”

“एका घरात दोन भाऊ. एक भट्टीवर, एक बागेत. दोघांच्याही अंगात फ्लोराइड. दोघांत सामाईक काय? पाणी.” अध्यक्षांनी हे इतक्या समाधानानं म्हटलं की एखाद्याला वाटावं, कोडं सुटलं. “हा युक्तिवाद तुमचाच होता.”

वहिनी बाकावरून उठली. ती कधी चारचौघांत बोलली नव्हती. “साहेब, त्या घरात तिसरी मी आहे. तेच पाणी मी पिते. माझी तपासा. नाहीतर सरळ ते पाणीच तपासा, बाटलीत आणलंय मी.” आणि तिनं पिशवीतून खरंच बाटली काढून काचेच्या टेबलावर ठेवली.

“बाई, तुम्ही अर्जदार नाही. आणि पाण्याची तपासणी आमच्या कक्षेत येत नाही.”

“मग पाण्याला दोष देणं कक्षेत कसं आलं?”

घड्याळवाल्यानं घड्याळ पाहिलं. लिहिणाऱ्यानं हे लिहून घेतलं नाही. हुकूम झाला. अर्ज नामंजूर, आजाराचा कामाशी संबंध दिसत नाही. मात्र काही शंका उपस्थित झाल्यानं कंपनीनं भट्टीवरील कामगारांची लघवी तपासणी पहिल्या तारखेपासून पूर्वीच्याच पद्धतीनं पुन्हा सुरू करावी.

पूर्वीच्याच पद्धतीनं.

जिन्यात डॉक्टर टाकीला गाठून दोन पायऱ्या बरोबर उतरला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, “बागेत काम करताना नाकावर काहीतरी बांधत जा.”

टाकी जिन्याचा कठडा धरून थांबला. खाली दादा एकेक पायरी उतरत होता, वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून, पुढं बघत. खाली बघता येत नव्हतं म्हणून पाय चाचपडत. टाकीला गेटवरचा वाफा आठवला. हवा तिथपर्यंत आली होती, झाडानं थोड्या दिवसांपूर्वीच स्पष्ट सांगितलं होतं. आणि त्यानं काय केलं, तर कात्री काढली.

घरी आल्यावर दादा भिंतीशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, “बाटल्या मागायला मी पहिला आलो होतो. तुझ्याकडं कोणी बोट दाखवायचं नाही.”

“तू गप बस, दादा.”

“गपच आहे. मान हलवून हो म्हणायची तरी कुठं सोय आहे.”

वहिनीला हसू आलं आणि मग ती मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली.

*

महिन्याची एकतीस तारीख. टाकी दारात बसून कात्रीला धार लावत होता. भोंगा आला. या वेळी उंबऱ्याच्या आत आला, पाटावर बसला, पाणी मागितलं, प्यायला. वहिनीला “बरं आहे ना वहिनी?” म्हणाला. एवढी गोडी बघून टाकीनं ओळखलंच.

“उद्या तपासणी आहे,” भोंगा म्हणाला.

“ऐकलं.”

“झालं गेलं सोडून दे. पोरं रागात होती, बोलली असतील काहीबाही. पण अडचण बघ. तुझं तर आता चालायचं नाही. सात.” त्यानं खिशातून बाटली काढून जमिनीवर ठेवली. “दुसरं कोण आहे? तुझ्या बघण्यात असेल कोणीतरी. लांब राहणारा, धुराबाहेरचा. तुला अनुभव आहे, शास्त्र माहीत आहे. तू नुसती जुळवणी करून दे.”

टाकी त्याच्याकडं बघत राहिला. चेष्टा नव्हती. डोळ्यांत नुसती काळजी होती, खरीखुरी, घर चालवणाऱ्या माणसाची.

आतल्या खोलीतून फरशीवर पाय घासल्याचा आवाज आला. दादा दाराच्या चौकटीत येऊन उभा राहिला, आणि मग अख्खा फिरून भोंग्यासमोर आला.

“मुकादम, हनुवटी छातीला लाव.”

“काय?”

“लाव तर खरं. दवाखान्यात मला लावायला सांगितली होती. गंमत आहे.”

भोंगा हसला. हसत हसत त्यानं मान वाकवली. मान खाली आली, आणि थांबली. त्यानं आणखी जोर लावला. कपाळावरची शीर तटतटली. वहिनी दारात येऊन उभी होती, तिनं बघितलं. दादा जवळ गेला, हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये बोटं घातली. तीन बोटं आरामात गेली.

भोंग्यानं मान वर केली. चेहरा लाल झाला होता.

“उशी उंच होती काल,” तो म्हणाला. “लचकली असेल. आठ दिवसांपासून जरा धरलीय.”

“माझी पण उशीच होती,” दादा म्हणाला.

भोंग्यानं मानेवरून हात फिरवला. मग तोच हात खाली आणून त्यानं बाटली टाकीच्या पायाशी सरकवली.

“ते राहू दे. उद्याचं बोल. कोण आहे दुसरा?”

टाकीनं कात्री बाजूला ठेवली. बाटली उचलली आणि मोरीत गेला. भोंगा आशेनं बघत राहिला. पाण्याचा आवाज आला. टाकी बाटली स्वच्छ विसळून, पालथी झटकून घेऊन आला आणि भोंग्याच्या हातात ठेवली. रिकामी.

“तूच भर,” तो म्हणाला. “आणि वर तुझं नाव लिही. पूर्ण.”

भोंगा उठला. बाटली खिशात कोंबून त्यानं चपला सरकवल्या. उंबऱ्यापाशी टाकीनं त्याला मागून हाक मारली, चपला उलट्या पायात घातल्यास म्हणून.

भोंगा थांबला. त्यानं मान वळवली नाही. तो अख्खा वळला.